पेल्यामागे ताटली

"काय हो शैलावहिनी, धाकटी स्पेनला निघाली म्हणे? ग्रनादाला?"

"निघाली ना! अन् आमच्या घरात खर्चाचीच काळजी. युरोचा भाव ऐकला की ह्यांची झोप उडते."

"या इकडे, जास्वंदीपाशी. मी मुलाकडे राहून आलेय ना तिथे, सांगते सगळं. ग्रनादाची रीतच न्यारी. बारमध्ये काही प्यायला घेतलं की खायची ताटली फुकट. मागायची नाही, आपसूक येते. दुसरा पेला घ्या, दुसरी ताटली. पेला अडीच-तीन युरोंना. बार्सिलोनात त्याच ताटलीचे वेगळे पैसे पडतात."

"अगंबाई, बारमध्ये? पोरीला पाठवू?"

"अहो, आपल्याकडचे बार डोक्यातून काढा! तिथे आज्या नातवंडांना घेऊन बसतात. अन् दारूच घ्यायला हवी असं थोडंच आहे? कोकाकोलावरही ताटली येते. कॉफीवर मात्र बहुधा नाही."

"पण ती शाकाहारी हो. तिथे तर सगळीकडे डुक्करच!"

"हां, तिथे जरा जपायचं. मांस नको म्हटलं तरी वर हॅमचे तुकडे भुरभुरवतात, आणि ट्यूनाला तर ते मांसात धरतच नाहीत. म्हणून नावं घेऊन सांगायचं, 'सिन हामोन, सिन आतुन'. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट कुठेही मिळतं. आणि वांगी! पातळ काप, कुरकुरीत तळलेले, वरून काळीभोर काकवी सोडलेली."

"काकवी? स्पेनमध्ये?"

"उसाचीच. खाली मोत्रिलच्या किनाऱ्याला शेकडो वर्षं ऊस व्हायचा. गरम आहेत तोवरच खायचे ते काप, नाहीतर मऊ पडतात. मला तर अल्हाम्ब्रा राजवाड्याइतकीच ती वांगी आठवतात. आमच्या ह्यांना सांगू नका!"

"आणि दुपारचं?"

"दुपारी 'मेनू देल दिया' घ्यायचा. दोन पदार्थ, ब्रेड, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं साधारण बारा-पंधरा युरोंत. 1960च्या दशकात तिथला हुकूमशहा फ्रँको, त्याच्या सरकारनं पर्यटकांसाठी ठरावीक दराचं जेवण सुरू करायला लावलं, त्यातूनच हे आलं. पण दोन ते साडेतीनच्या आत जायचं, आणि शक्यतो सोमवार ते शुक्रवार. बारा वाजता भूक भूक केलं तर स्वयंपाकघर बंद. रात्रीही नऊशिवाय कोणी जेवत नाही."

"म्हणजे आपल्या ह्यांची तर उपासमारच!"

"पाण्याचे पैसे देऊ नका म्हणावं. 2022च्या कायद्यानं हॉटेलवाल्यांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' एवढं म्हटलं की झालं. नाहीतर बाटली आणून ठेवतात, अन् ती बिलात येते. बाहेर अंगणातल्या टेबलावर बसलं तर काही ठिकाणी दर जास्त लागतो, आतल्या काउंटरपाशी उभं राहिलं तर कमी. अन् कॅथेड्रलच्या आसपास पाएयाचे, म्हणजे त्यांच्या त्या भाताचे, फोटो लावलेल्या पाट्या दिसतील, तिकडे फिरकूच नये. पाएया व्हॅलेन्सियाची, ग्रनादात कशाला खायची?"

"लिहूनच घेते बाई सगळं."

"घ्या. आणि एक राहिलंच. रविवारी तिथली बरीच सुपरमार्केटं बंद असतात. दूध, ब्रेड, फळं शनिवारीच आणून ठेवायला सांगा तिला."