लागेल कधीतरी

ज्या रात्री लेव्हलकरने जग गिळायला निघालेल्या अल्डुइन नावाच्या ड्रॅगनला ठार केलं, त्या रात्री त्याच्या पोतडीत औषधाच्या ११६ बाटल्या शिल्लक होत्या. त्या लढाईत तो तीनदा मरता मरता वाचला, चौथ्यांदा मेलाच, मग जुन्या सेव्हवरून पुन्हा उभा राहिला. पण बाटलीचं बूच काही उघडलं नाही. का, असं विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘पुढे याहून मोठं संकट आलं तर?’ आता, जग बुडण्याहून मोठं संकट त्या गोष्टीत कुठून येणार होतं? पण लेव्हलकरला हे पटत नाही.

लेव्हलकर हे अर्थातच खरं आडनाव नव्हे. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारी, कोथरूड-कर्वेनगरच्या पट्ट्यात राहणारी, दिवसा हिंजवडीत दुसऱ्याच्या कोडमधले दोष काढणारी आणि रात्री साडेदहाला घर झोपलं की तलवार उपसणारी जी एक जमात पुण्यात आहे, तिला सोयीसाठी दिलेलं हे नाव. त्याचा छंद म्हणजे आरपीजी, अर्थात रोल-प्लेइंग गेम: भूमिका वठवायचा खेळ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ बाजारात आणला, तिथून या घराण्याची वंशावळ सुरू होते. तुम्ही कुणीही व्हा. चेटकीण व्हा, बुटका व्हा, दरोडेखोर व्हा, अर्धा राक्षस व्हा. लेव्हलकर पंचवीस वर्षं हे करतो आहे आणि एकाही जगात तो लेव्हलकर सोडून दुसरा कुणी झालेला नाही.

लक्षणं कॉम्प्युटर यायच्या आधीच दिसली होती. दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला व्हायचा, त्यावर हळीव पेरले जायचे, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे यायचे. बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी फटाक्यांकडे वळत. हा मात्र कुठल्या मावळ्याने कुठल्या बुरुजावर किती वेळ पहारा द्यायचा, याचा तक्ता वहीच्या मागच्या पानावर आखत बसे. आज ‘बिल्ड’ या नावाखाली तो एक्सेलमध्ये जे करतो ते हेच. हळीव तेवढे उगवत नाहीत.

मग २००० सालच्या सुमारास घरात असेंबल केलेला पीसी आला. तो ‘अभ्यासासाठी’ होता. वडिलांनी तापकीर गल्लीतून स्टॅबिलायझर आणला, आईने मॉनिटरला भरतकामाचं कव्हर शिवलं, आणि मित्राच्या चुलतभावाने ‘बाल्डर्स गेट’ दिला. १९९८ चा हा गेम पाच सीड्यांवर यायचा. या संचातली चौथी ओरखडलेली होती. गोष्ट देवाच्या रक्ताचा वारसा लाभलेल्या नायकाची, पण त्याची कारकीर्द सुरू होते ती कोठारातले उंदीर मारण्यापासून. मागे उभं राहून आईने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “उंदीरच मारायचे होते, तर आपल्या जिन्याखाली काय कमी आहेत?”

‘डायब्लो’त त्याला डेकार्ड केन भेटला. हा एक गप्पिष्ट म्हातारा, वाटेत गाठून बसवून घेणारा. असे पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर दोन सापडतात. पहिल्या भागात तो जादूची वस्तू ओळखून द्यायच्या शंभर मोहरा घ्यायचा. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात त्याला पिंजऱ्यातून सोडवून आणलं की हे काम कायमचं फुकट. लेव्हलकरने त्या म्हाताऱ्याला सोडवण्यात जी तातडी दाखवली, ती केवळ माणुसकीपोटी होती असं समजायचं कारण नाही.

पहाटे अडीचला पाणी प्यायला उठलेली आई दारातून म्हणायची, “काय हा अवतार!” लेव्हलकरकडे यावर माहिती तयार. गेमच्या दुनियेत हा शब्द रुजवण्यात रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेच्या १९८५ सालच्या चौथ्या भागाचा मोठा वाटा आहे. त्यात शेवटी मारायला खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून स्वतः ‘अवतार’ व्हायचं, हेच ध्येय. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. तिला किती पैसे द्यायचे ते आपणच ठरवायचं. कमी दिले तर ती काही बोलत नाही, गेम मात्र मनात ठेवतो. लेव्हलकरने तिला मोजून पैसे दिले. एक मोहर कमी नाही, एक जास्त नाही. हे सगळं ऐकून आईने एवढंच विचारलं, “आठांपैकी तुझ्यात किती उतरले?”

त्याचा खरा संसार मात्र ‘स्कायरिम’मध्ये झाला. ११ नोव्हेंबर २०११ ला हा गेम आला आणि लेव्हलकरला माळा मिळाला. पुण्यातल्या जुन्या घरात माळ्यावर काय असतं हे सांगायला नको: मिक्सरचं रिकामं खोकं, चार चाकांची तीनचाकी (चौथं कुणाचं, माहीत नाही), बंद पडलेला गीझर, लग्नातल्या भेटीची घड्याळं. लागेल कधीतरी. स्कायरिममध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलता येते. बादली, लाकडी ताट, कोबी, चिमटा, चीजची अख्खी चकती. सुरुवातीला तीनशे एकक वजन पेलतं. त्यापुढे चमचा जरी जास्त झाला तरी वीराला पळता येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. लेव्हलकरचा वीर आयुष्याचा बराच काळ पाय ओढतच चाललेला आहे. आकाशातून ड्रॅगन आग ओकतोय आणि हा पोतडीत वाकून ठरवतोय की दोन चिमट्यांतला कुठला टाकावा.

विकून मोकळं व्हावं, तर तिथल्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात साडेसातशेच्या आसपास मोहरा असतात. हजाराची तलवार घ्यायला त्याच्याकडे रोकड नाही. शिवाय रात्री आठला दुकान बंद, आणि बंद म्हणजे बंद. याबद्दल लेव्हलकरने कधी तक्रार केली नाही. उलट एवढं वास्तववादी चित्रण आपण दुसरीकडे पाहिलं नाही, असं तो म्हणतो. पुढे त्याने व्हाइटरन शहरात पाच हजार मोहरांत घर घेतलं. पाच हजारांत सदाशिव पेठेत दुचाकी तरी लावू देतील का, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. घराचा ताबा मिळाल्यावर राजाने त्याच्या रक्षणासाठी दिलेल्या लिडिया नावाच्या शूर अंगरक्षकेच्या पाठीवरून त्याने २१ कढया आणून उतरवल्या.

तिथल्या सर्वांत उंच डोंगरावर मठ आहे. वर जायला सात हजार पायऱ्या, असं गावातला प्रत्येक माणूस सांगतो. लेव्हलकर दर रविवारी वेताळ टेकडी चढणारा. तो मोजत गेला. हजारही भरल्या नाहीत! त्याचा संताप आजही ताजा आहे. पर्वतीला १०३ पायऱ्या सांगतात, त्या कुणीही जाऊन मोजाव्यात. एवढं मोठं राज्य आणि पायऱ्यांत खोट? तरीही २०१६ ची सुधारित आवृत्ती त्याने घेतली, २०२१ ची वर्धापनदिन आवृत्तीही घेतली, आणि दोन्हींत पायऱ्या पुन्हा मोजल्या.

आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर बेतलेला ‘विचर ३’ १९ मे २०१५ ला आला, तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी कोथरूडला येऊन राहून गेलं असावं. नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षस मारणारा. गावागावांत सूचनाफलक असतात. त्यावर कागद लागतो की अमुक विहिरीपाशी भूत आहे, बंदोबस्त करणाऱ्यास योग्य मोबदला मिळेल. लेव्हलकर फलकावरचा प्रत्येक कागद वाचतो. हरवलेल्या शेळीचासुद्धा. आणि काम घेण्याआधी दरावर घासाघीस करता येते! फार ताणलं की समोरचा वैतागतो, म्हणून लेव्हलकर आधी सेव्ह करतो, एकेक मोहर वाढवत माणूस नक्की कितीला चिडतो ते पाहतो, मग जुना सेव्ह उघडून त्याच्या एक मोहर अलीकडे थांबतो. राक्षस मारायला दहा मिनिटं लागतात. दर ठरायला अर्धा तास.

या गोष्टीचा कणा असा की गेराल्टची मानसकन्या सिरी संकटात आहे, भुताटकीचे स्वार तिच्या मागावर आहेत, तिला शोधायचंय. पण खाणावळींत ‘ग्वेंट’ नावाचा पत्त्यांचा खेळ चालतो. सलग तीन आठवडे लेव्हलकर ग्वेंट खेळला. शेवटी बायकोने लॅपटॉपवरून मान वर केली. “अरे, पोरगी हरवलीय ना त्याची? मग हा पत्ते काय कुटत बसलाय?”

“सेट पूर्ण व्हायचाय,” लेव्हलकर म्हणाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या किमती रुपयांत दिसू लागल्या आणि लेव्हलकर नीतिमान झाला. आता तो गेम विकतच घेतो, फक्त सेल लागल्यावर घेतो. परिणामी त्याच्याकडे १९० गेम आहेत आणि त्यातले २२ उघडलेले आहेत. पुस्तक प्रदर्शनातून सवलतीत आणलेल्या संचांचं जे होतं, तेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘एल्डन रिंग’ने मात्र त्याला रडवलं. हिदेताका मियाझाकी यांचा हा जपानी गेम, त्यातली पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिलेली. गुहेतून बाहेर पडलं की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. तो नवख्याला मारायचा नसतोच. बाजूने निघून जायचं, हाच तिथला धडा. पण रस्ता सार्वजनिक आहे. त्या घोडेस्वाराने तो का अडवावा? या मुद्द्यावर लेव्हलकर पाच रात्रींत ४३ वेळा मेला. नंतर त्याला या गेमची खरी गंमत सापडली. इथे खेळाडूंना ठरीव शब्द जुळवून जमिनीवर संदेश सोडता येतात आणि ते जगभरच्या इतर खेळाडूंना दिसतात. म्हणजे पाट्या! बाकीचे लोक कड्याच्या टोकाला ‘पुढे खजिना, उडी मार’ असं लिहून परक्यांचे जीव घेतात. लेव्हलकर खड्ड्यापाशी खड्डा आहे असंच लिहितो. आणि या गेमचा एक नियम असा की आपल्या पाटीला कुणी दाद दिली, तर त्या क्षणी आपली तब्येत सुधारते. पाटी लिहिणाऱ्याच्या मनाची एवढी जाण असलेला माणूस जपानात बसलाय, याचं लेव्हलकरला राहून राहून नवल वाटतं.

‘राजी’बद्दल त्याच्याकडे बोलू नये, बोललात तर तास जातो. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने तो केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभारायचा प्रयत्न फसला, तरी काम सोडलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर गेम आला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी, वरून तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, मधे सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रवेश. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. हिंजवडीतल्या परप्रांतीय सहकाऱ्यांना लेव्हलकर हे सगळं छाती काढून सांगतो. घरी आल्यावर सूर बदलतो. म्हणे, ही आरपीजी नव्हेच, अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे. चार-पाच तासांत संपते. आणि पोतडीच नाही! पोतडी नाही म्हटल्यावर माणसाने ठेवायचं कुठे? कंपनीचं नाव मान डोलावण्यावरून ठेवलंय, पण आपल्या गावच्या गोष्टीला सरळ मान डोलावणं लेव्हलकरच्या स्वभावात बसत नाही. गेम त्याने पूर्ण किमतीत घेतला होता, एवढं मात्र खरं. सेलची वाट न पाहता घेतलेला हा त्याचा एकमेव गेम.

सध्या ‘बाल्डर्स गेट ३’ चालू आहे. म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये तो आला, आणि सेल लागल्यापासून चालूच आहे. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओच्या या गेममध्ये रात्रीचा मुक्काम करायला ४० एकक शिधा खर्च होतो. शिधा वाचावा म्हणून लेव्हलकर मुक्कामच करत नाही. जखमी, पेंगुळलेले सोबती घेऊन तो दिवसचे दिवस चालतो. सोबत्यांची सुखदुःखं, भांडणं, प्रेमप्रकरणं बहुतांशी रात्रीच्या शेकोटीभोवती उलगडतात, हे त्याला दीडशे तासांनंतर ऑफिसातल्या एका पोराकडून कळलं. तोवर शिध्याचा साठा साडेआठशेवर गेला होता. बायको म्हणाली, तुझे लोक तुझ्याशी बोलत का नाहीत ते मला विचारायचंस.

मागच्या मे महिन्यात, सुट्टीचा कंटाळा आलेल्या सहावीतल्या मुलीला त्याने स्कायरिमचा जुना सेव्ह उघडून दिला. लढाई करायची नाही, नुसतं फिरायचं, या अटीवर. तो चहा करायला आत गेला. बाहेर आला तेव्हा मुलगी सात हजार पायऱ्यांच्या माथ्यावर उभी होती. औषधं तिने पिऊन टाकली होती, रंग छान होते म्हणून. आणि चौदा वर्षं जपलेल्या चीजच्या १३२ चकत्या ती एकेक करून उतारावरून सोडत होती. त्या उड्या मारत, खडकांवर आपटत, बर्फातून घरंगळत जात होत्या आणि मुलगी खिदळत होती.

लेव्हलकर काही बोलला नाही. ती झोपल्यावर खाली उतरून एकेक चकती वेचायला त्याला पावणेदोन तास लागले. तीन अजून सापडलेल्या नाहीत.