फक्त ५ मिनिटांवर!

बदलापुरात आणखी एक टॉवर उभा राहतोय आणि तोही स्टेशनपासून ५ मिनिटांवरच आहे. सगळेच असतात. पूर्वेचे, पश्चिमेचे, डोंगराच्या पायथ्याचे, ज्यांच्या गच्चीवरून स्टेशन सोडाच, रिक्षासुद्धा दिसत नाही तेही. सहा मिनिटांवर बांधकामाला आमच्याकडे परवानगीच मिळत नसावी.

होर्डिंगवर एक जोडपं कॉफीचे मग धरून हसतंय. या दोघांनी बदलापूर पाहिलेलं नाही, हे त्या हसण्यावरूनच कळतं. खाली लालभडक '५ मिनिटं' आणि पाचाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा पार तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत.

माझा प्रश्न साधा आहे. ही ५ मिनिटं मोजली कोणी? कोणीतरी चाललंच असेल ना? अंतर आहे अडीच किलोमीटर. ५००० मीटर धावण्याचा जागतिक विक्रम साडेबारा मिनिटांच्या वरचा आहे. म्हणजे खुद्द विक्रमवीराने या टॉवरमध्ये टू बीएचके घेतला, तरी त्याला स्टेशन गाठायला सव्वासहा मिनिटं लागणार. तीसुद्धा गुळगुळीत ट्रॅकवर, पाठीला सॅक आणि सॅकेत डबा नसताना. इथे त्याला आधी गेटसमोर पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला चर ओलांडावा लागेल. नाक्यावर शेअर रिक्षावाला 'एक सीट, एक सीट' करत थेट त्याच्या पायावर चाक आणेल. पुढे फुटपाथ आहे, पण तो कोथिंबीर-मेथीने अडवलेला, म्हणून रस्त्यावर उतरायचं. रस्त्यावर दुहेरी पार्किंग, म्हणून परत मेथीत. स्टेशनबाहेर बाइकांची भिंत. त्यातून तिरका होऊन, सायलेन्सरला पोटरी भाजून घेऊन तो पुलावर चढणार, तर नेमक्या मधल्या पायरीवर दोन मैत्रिणी हळदीकुंकवाची तारीख ठरवत उभ्या. धापा टाकत प्लॅटफॉर्मवर उतरेतो ८.१४ गेलेली. मग शेजारचे पासधारक काका त्याच्या मेडलकडे एक नजर टाकून म्हणणार, "नवीन दिसताय. जरा लवकर निघत जा."

गंमत बघा, रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी ७.५१ ची असते, ८.१४ ची असते, ८.३३ ची असते. एकेका मिनिटासाठी आम्ही चहा अर्धा टाकतो. बिल्डरच्या घड्याळात मात्र पाच हा एकच आकडा. नदीकाठच्या टॉवरचंही तेच. तिथे आणखी एक सोय अशी की जुलैत उल्हास नदी स्वतःच पार्किंगपर्यंत येऊन जाते. तिला किती मिनिटं लागतात, ते छापत नाहीत.

आणि आम्ही कमी नाही. एकदा का कर्जाचा हप्ता सुरू झाला, की आम्हीच पाहुण्यांना फोनवर सांगतो, "अहो, या ना, स्टेशनपासून पाच मिनिटं!" पाहुणे तासाभराने घामाघूम होऊन दारात उभे राहतात, तर वर ऐकवतो, "तुम्ही पूर्वेला उतरलात वाटतं."

पण त्या पाच मिनिटांच्या पुढे काय, हे कुठल्याच होर्डिंगवर नाही. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दीड तास धरायचा आणि वेळेवर असते कधी? त्यात अंबरनाथकर उलटे आमच्याकडे येऊन जागा अडवून बसतात, म्हणजे गाडी बदलापूरहून सुटणारी आणि बदलापूरकर उभा. मी अंबरनाथकरांना दोष देत नाही, त्यांनाही कल्याणच्या गर्दीत लटकून मरायचं नाहीये. दोष द्यायचा तर ज्यांनी इमारतींना धडाधड मंजुऱ्या दिल्या आणि हजारो माणसांच्या मागे चार डबे वाढवायला हात आखडला, त्यांना. टॉवर वीस मजले वर चढला, प्लॅटफॉर्म मात्र अपुराच. रोज सकाळी माणसं दारातून बाहेर लोंबकळतात, अधूनमधून पडतात, मरतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच बातमीशेजारी फ्लॅटची पानभर जाहिरात असते. पाच मिनिटं! त्याची चांदणी कुठे आहे?

वर दादरची वहिनी विचारते, "लोकलमध्ये वाचन छान होत असेल ना?" होतं ना. पुढच्याच्या शर्टाच्या कॉलरवरचं लेबल पाठ झालंय. साइज ४२, गरम पाण्यात धुऊ नये.

असो. नव्या स्कीमने आता सगळ्यांवर कडी केली आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला स्टेशन होणार, होणार, हे ऐकत आमची एक पिढी पेन्शनीत गेली. तर जाहिरात म्हणते, 'नियोजित स्टेशनपासून ५ मिनिटांवर'. परवा साइट ऑफिसात जाऊन पोराला विचारलं, बाबा रे, जे स्टेशन अजून चालू नाही, तिथवरची पाच मिनिटं मोजलीत कशी? त्याने थंडगार पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही बुकिंग तर करा. स्टेशन आपण बरोब्बर पाच मिनिटांवर बसवून घेऊ."