वाडीचा गोलंदाज

कोकणात वाडी तिथे एक गोलंदाज असतोच. वय साठीच्या आसपास, नोकरीतून मोकळा, कमरेला लुंगी, कानावर पेन्सिल, आणि बोलणं सगळं इंचांत. "दोन इंचीत दम नाय," हे वाक्य तो लग्नाच्या पंगतीतही ऐकवतो. वरकरणी हे गृहस्थ घरगुती बंदुकीचे बार उडवून माकडांपासून हापूसची कलमं राखत असतात.

ही बंदूक म्हणजे नळाच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप. आत कार्बाइड, त्याला पाणी लागलं की असिटिलीन वायू सुटतो आणि ठिणगी मिळाली की धडाम! ठिणगीची सोय स्वयंपाकघरातून होते. म्हणून बाराच्या सुमाराला माजघरातून हाक येतेच, "लायटर खंय व्हरलात?" गोलंदाज ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बार उडाला की माकडं गेली का, हे तो बघतही नाही, शेजारच्या वाडीत फोन लावून विचारतो, "आवाज इलो मां?" इलो म्हटलं की दिवस सार्थकी.

गंमत कार्बाइडची आहे. त्याच्या वायूवर पिकवलेली फळं विकायला 2011च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. म्हणजे आंबा पिकवताना ज्याचं नाव काढायचं नाही, तो राखताना त्याच्यावाचून पान हलत नाही. आमचा गोलंदाज नियम कडक पाळतो. त्याच्या कलमांवर पिकवण्याजोगा आंबा उरलेलाच नसतो.

कारण माकडं. पहिल्या दिवशी अख्खा कळप सड्यापलीकडे पळाला होता, हे खरं. पण नुसता आवाज येतो, मागून काहीच येत नाही, हे माकडाला लवकर कळतं. आठवड्याभरात म्होरक्या समोरच्या फांदीवर येऊन बसतो. एक चावा घेतलेली कैरी खाली टाकतो, दुसरी तोडतो आणि बंदूक भरण्याची तयारी निवांत पाहतो. बार व्हायला उशीर झाला तर खाकरतोसुद्धा. गोलंदाज याचा दोष पाइपाला देतो आणि नवा पाइप आणायला बाजारात जातो. जुन्या बंदुका मेहुण्यांना भेट मिळतात.

मध्यंतरी भाच्याने त्याला मोबाइलवर दाखवलं, की नेदरलँड्समध्ये 31 डिसेंबरला दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये हेच कार्बाइड वापरून तोंडाशी बसवलेला फुटबॉल उडवतात. तेव्हापासून त्याचा डोळा डेअरीच्या जुन्या कॅनांवर आहे, आणि शाळेच्या फुटबॉलवरही.

इथवर हसायला हरकत नाही. पण बार फुसका गेला की हा माणूस पाइपाच्या तोंडाला डोळा लावतो. 2025च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागांत अशाच बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. बार का उडत नाही म्हणून त्यांतली काही नळीत डोकावत होती. मध्य प्रदेशात मग या बंदुकांवर बंदी आली. ही बातमी वाचून दाखवली तर गोलंदाज म्हणतो, "ती पोरां शिकाऊ." हे सांगताना त्याच्या डाव्या डोळ्यावर भुवई नसते.

तेव्हा मे महिन्यात गावी जाल तर त्याच्या गप्पा जरूर ऐका, त्याच्याकडचं कोकम सरबतही प्या. पोरांना मात्र त्याच्या अंगणात पाठवू नका.