मोठा मासा आणि त्याहून मोठा आमिषांचा डबा

अमेरिकेत बास मासा पकडायचा तर आधी दुकान गाठावं लागतं. तिथल्या आमिषाच्या रबरी किड्यांचे रंगच बघा: ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन रेड... मंडईत आल्यासारखं वाटतं. मग बोट, बोटीवर मासा शोधणारं सोनार यंत्र, आणि सोनारच्या पडद्यावर आपल्याकडे पाठ फिरवून निघालेला मासा. तोही थेट प्रक्षेपणात!

आता सर्वांत वजनदार बासचा विक्रम. २ जून १९३२, ऐन महामंदीत, जॉर्जियातल्या माँटगोमेरी तळ्यातून जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास काढला. तो आणि त्याचा मित्र, दोघांत काठी एक आणि लाकडी आमिषही एकच होतं, असं सांगतात. मासा घरी नेला आणि खाल्ला. (पेंढा भरून भिंतीवर टांगायला आधी पोट भरलेलं असावं लागतं.)

त्यानंतर थेट जुलै २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिताने औंसभर जास्त वजनाचा बास काढला. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला दोन औंस तरी जास्त हवेत. म्हणून बरोबरी जाहीर झाली. कुरिताचं आमिष कोणतं? जिवंत ब्लूगिल मासा. रंगीत रबर नाही, चकाकी नाही, खुळखुळाही नाही.

एवढं करून बिचाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवलं. तो पास झाला. ‘मोठा मासा हमखास’ म्हणणाऱ्या आमिषांच्या पाकिटांना मात्र त्या खुर्चीत अजून कुणी बसवलेलं नाही.