समास आखलाय ना, मग पास!

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये कायदा साधा असतो: भोकात प्लग गेजचं 'गो' टोक शिरलं पाहिजे, 'नो-गो' टोक अडलं पाहिजे. गेजही झिजतं, म्हणून त्याचंही कॅलिब्रेशन होतं. तारीख उलटली की ऑडिटरच्या कपाळाला आठ्या.

तपासणाऱ्यालाही तपासायचं, हाच धडा तिथल्या सॉफ्टवेअरवाल्यांनीही गिरवलाय. टेस्टच्या फायली तपासायला लिंटर, म्हणजे कोडची मांडणी तपासणारा प्रोग्रॅम, नेमलाय. ओळ ७९ अक्षरांपुढे गेली? लाल. नाव नियमाबाहेर? लाल. प्रत्येक टेस्टमध्ये असर्शन (निकाल पडताळणारी ओळ) हवंच, असा नियम लावला, तर मंडळी 'असर्ट ट्रू' ही कायम खरी ठरणारी ओळ लिहून मोकळी. सगळं हिरवंगार! गणित चुकलं तरी चालेल, समास आखलेला हवा.

टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टची तऱ्हा आणखी न्यारी. फायलीच्या नावात ठरल्या जागी 'टेस्ट' नसेल, तर तो स्वतःहून तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जी टेस्ट धावलीच नाही, ती नापास कशी होणार?

आणि नियम फारच टोचला, तर ओळीच्या शेवटी 'नोक्यूए' एवढं लिहायचं. फ्लेक-एट नावाचा लिंटर गप्प! पीण्यातल्या फिटरला 'नो-गो' टोकावर अशी चिठ्ठी डकवायची सोय नाही. तो बिचारा अजून माप घेतो.