पाटी पुसली, टेबलही उचललं

टेक्सासात २०२३ साली ‘एसबी १७’ कायदा झाला. सरकारी विद्यापीठांत विविधता, समता, समावेशनाची कार्यालयं नकोत! ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठानं मग विभागाच्या नावातली ‘विविधता’ पुसून तिथं ‘कॅम्पस’ रंगवला.

तेवढ्यानं भागलं नाही. एप्रिल २०२४मध्ये अख्खा विभागच बंद झाला आणि कर्मचारी घरी गेले. विविधतेवर संशोधन करायला मात्र कायद्याची ना नाही. प्रबंध खुशाल लिहा, फक्त विद्यार्थ्यांसाठी टेबल मांडून बसू नका.

याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलनं १९४६ साली हेमन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराला नाकारलं होतं. त्याला बाहेर ठेवायला राज्यानं ऑस्टिनमधल्याच एका तळघरात वेगळं लॉ स्कूल थाटलं. १९५० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मूळ दारातून आत घ्यायला लावलं. वगळण्याच्या त्या खात्याला निधीची चणचण मुळीच भासली नव्हती.