एम.ए. भाग एकच्या रिकाम्या बाकासाठी

प्रति,
चि. पदवीधर (नुकताच),
मुक्काम : घरीच.

विषय : एम.ए. इतिहास, भाग एक या वर्गात येऊन बसणेबाबत.
संदर्भ : तुझ्या वडिलांनी परवा एसटी स्टँडवर मला विचारलेला प्रश्न, ‘सर, आता याचं पुढं काय?’

प्रिय विद्यार्थी,

बी.ए. झालास, अभिनंदन. वडिलांच्या प्रश्नाला मी तेव्हा नुसतं ‘बघू’ म्हणालो, कारण गाडी लागली होती आणि मला दुसऱ्या कॉलेजातला बाराचा तास गाठायचा होता. उत्तर आता सावकाश देतो. एम.ए. कर. आणि आमच्याकडेच कर.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. तू मला तीन वर्षं ‘सर’ म्हणालास, पण मी आहे तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीवाला. वर्गात मुलं असली तर कार्यभार, कार्यभार असला तर तास, आणि तास असला तर मी. जुलैत नेमणूक, मार्चात निरोप, आणि दर जूनला पुन्हा नव्याने मुलाखत. तीच माणसं समोर बसून मला विचारतात, ‘आपला परिचय द्या.’ गणपतीची सुट्टी लागली की तुम्हाला आनंद व्हायचा. मी मनातल्या मनात बुडालेले तास मोजत असायचो.

तेव्हा गणित सरळ आहे. तू एम.ए.ला आलास की माझा तास टिकला. दोन वर्षांनी तू एम.ए. होशील, माझ्यासारखाच कुठेतरी तासावर लागशील, मग तू तिसऱ्याच्या वडिलांना स्टँडवर गाठायचंस. आपल्या गावात मागे एक भांड्यांची योजना आली होती, आठवते? तीन सभासद आणा आणि कुकर न्या. ती पोलिसांनी बंद केली. आपली योजना विद्यापीठाशी संलग्न आहे.

बेकारीची तुला भीती वाटते, हे मला कळतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात 25 वर्षांखालच्या पदवीधरांपैकी 42 टक्क्यांहून अधिक बेरोजगार निघाले. पण आकडा घाबरून वाचू नये, नीट वाचावा. बेरोजगार कोण, तर जो काम शोधतोय आणि ज्याला ते मिळत नाही तो. एम.ए.ला नाव घातलेला मुलगा काम शोधत नसतो, तो शिकत असतो. त्याला त्या रांगेत मोजतच नाहीत. एवढ्याशा फीमध्ये तू देशाची आकडेवारी सुधारतोस आणि आत्याचं तोंडही बंद करतोस. ‘काय करतो हल्ली?’ ‘शिकतोय.’ या उत्तरावर आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारत नाहीत. चहा विचारतात.

जास्त शिकल्याने दर वाढतो का, असं विचारशील. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बघ. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. आणि पदव्युत्तराला? 10,000. माझ्या माहितीत समतेचं तत्त्व शासनाने इतक्या काटेकोरपणे क्वचितच पाळलं असेल.

नव्या शैक्षणिक धोरणात आता एम.ए.लाही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे, चार क्रेडिटचं. इतिहासाच्या मुलांना जॉब कुठे, हा प्रश्न धोरण लिहिणाऱ्यांना पडला नसावा, आम्हाला पडला. तालुक्यात ना संग्रहालय, ना पुराभिलेखागार. शेवटी मागच्या वर्षी पाच जणांना जुन्या कागदांची दप्तरं झाडायला एका कचेरीत बसवलं. चार जण धुळीने शिंकून परत आले. पाचव्याला पणजोबांच्या जमिनीची नोंद सापडली. आता घरात भाऊबंदकीचा दावा चालू आहे आणि तो प्राथमिक साधनांचं महत्त्व वर्गात सर्वांना समजावून सांगतो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटतो. इतिहासाचा उपयोग झालेला आमचा तो एकमेव विद्यार्थी.

एम.ए.नंतर सेट किंवा नेट. सेट आपली, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, पुणे विद्यापीठ घेतं. नेट दिल्लीची. 18 जून 2024 ला देशभरात नऊ लाखांवर मुलांनी ती दिली. आपल्या कॉलेजची दोन पोरं पहाटेच्या गाडीने केंद्रावर गेली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द. त्यांचा प्रवासाचा शीणही उतरला नव्हता. नेटमध्ये वर आलास आणि तिशीच्या आत असलास तर जेआरएफ मिळेल, महिना 37,000 रुपये. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या महिन्यापेक्षा ते जास्त आहेत. तेव्हा मला ‘सर’ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

मग पीएच.डी. ही माझी दुखरी जागा आहे, म्हणून जरा थांबतो. 2018 ला यूजीसीने सांगितलं, विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर 1 जुलै 2021 पासून पीएच.डी. लागणारच. मी घाबरून नाव नोंदवलं. बायकोने पाटल्या मोडल्या. मग मुदत वाढून 2023 झाली. मी प्रकरण चौथं लिहीत होतो. आणि 2023 च्या जुलैत जाहीर झालं की पीएच.डी. ऐच्छिक, नेट-सेट पुरे. मी तेव्हा संदर्भसूची लावत होतो. ती लावून पूर्ण केली, कारण हातात दुसरं काम नव्हतं. आता दारावर ‘डॉ.’ लिहिलंय, त्यामुळे रात्री-अपरात्री शेजारचे बाळाचा ताप घेऊन येतात.

त्यातच नवा नियम असा, की चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के मिळवणारा एम.ए. न करताच थेट नेटला बसू शकतो. हे तू ऐकलं नाहीस असं समज. तीन वर्षांवर थांबलास तेच बरं केलंस. माझ्या पोटावर पाय नको.

बाकीच्या वाटाही सांगून ठेवतो, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. एम.बी.ए. कर, पण ते शिकवणारे माझे मित्रही तासावरच आहेत, फक्त टाय लावून. सदाशिव पेठेत जाऊन एमपीएससी करायची म्हणतोस, तर आधी कॉट, मेस आणि अभ्यासिकेचा महिन्याचा हिशेब वडिलांपुढे मांड, आणि किती वर्षांचा मांडायचा तेही तूच त्यांना सांग. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. त्या बाबतीत आमच्या बी.ए.च्या नोट्स तुझ्या काही उपयोगाच्या नाहीत. माफ कर.

कायम जागा निघणारच नाही, असं मी म्हणत नाही. निघाली तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. हा आकडा मला कुलदैवताच्या नावासारखा पाठ आहे. फक्त आधी पद मंजूर व्हावं लागतं, मग बिंदुनामावली तपासून यावी लागते, मग जाहिरात, आणि मग मुलाखतीच्या आदल्या रात्री कुणीतरी घरी येऊन संस्थेच्या नव्या इमारतीबद्दल फार आस्थेने बोलतं. वडिलांची दीड एकर कुठल्या गटात आहे, हे त्यांना तुझ्याआधी ठाऊक असतं.

तर ये. वर्गात सध्या सहा नावं आहेत. त्यातल्या दोघांना कॉलेजच्या वसतिगृहात राहून पोलीस भरतीसाठी पळायचंय, आणि एकीच्या घरी तिचं लग्न ठरेपर्यंतच शिकवणार आहेत. तू आलास तर निदान मी शिकवताना माझ्याकडे बघणारं कुणीतरी असेल. अर्जासोबत तीन फोटो, बी.ए.चं गुणपत्रक आणि दाखला आण. मंगळवारी येऊ नकोस, त्या दिवशी मी दुसरीकडे असतो.

तुझा (तासापुरता),
सर

ता.क. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. अट फक्त पदवीची. त्यातला एक अर्ज माझा होता, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. वयाच्या अटीत अजून एकदा बसतो. पुढची जाहिरात निघाली आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर मी दिसलो, तर ‘सर’ म्हणून उठून उभा राहू नकोस. पर्यवेक्षकाला संशय येतो.